शिसव फार उशिरा गेलं

प्रिय मामा,

सासऱ्यांना 'प्रिय' लिहितात का, मला माहीत नाही. आमच्या गडहिंग्लजकडं वडीलधाऱ्यांना तीर्थरूप लिहायची पद्धत. पण तीर्थरूप लिहिलं की पुढं खुशाली विचारावी लागते, आणि तुमची खुशाली विचारायची सोय आता राहिली नाही. म्हणून प्रियच लिहिते. चालेल ना?

आज दुपारी मी एका गिऱ्हाइकाला परत पाठवलं. गोव्याहून आले होते. येताना शिसवाची एक फळी स्वतःच घेऊन आले होते. गिटारच्या मानेवरची पट्टी, म्हणजे फिंगरबोर्ड, याच लाकडाची हवी. बाकी सगळं तुमच्या मनानं करा, असं त्यांचं म्हणणं. कागदाचा कोपरा सारून त्यांनी फळी दाखवली. चांगली होती, मामा. जांभळट काळी, रेघा अगदी सरळ. मी तो कागद पुन्हा मिटायला लावला. उंबऱ्याबाहेरच बसवून चहा दिला आणि सांगितलं की या घरात आता शिसव येत नाही. त्यांचा चेहरा उतरला. एवढ्या लांबून आलो, एक फळी आत घेतली तर काय बिघडतं, म्हणाले.

ते गेले, आणि मी सवयीनं दाराबाहेरच्या तुमच्या कट्ट्याकडं वळले. तुम्हाला सांगायला, की बघा, आज नाही म्हणाले. कट्ट्यावर कुणी नव्हतं. मग आत आले आणि कागद घेतला.

संजयला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आता मामा न्हाईत, मग कशाला अडवतीस?" माझा नवरा, तुमचाच मुलगा, पण तोही तुम्हाला मामाच म्हणतो, माझं ऐकून ऐकून. त्याला उत्तर देता आलं नाही मला. तुम्हाला देते.

मी लग्न होऊन मंगळवार पेठेत आले तेव्हा तुम्ही पलंग आणि कपाटं करणारे दत्तू मिस्त्री राहिला नव्हता. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या मेहबूबचाचांची मोडलेली गिटार तुम्ही कधीतरी जोडून दिली होती, आणि त्या नादात एक नवीच करून बघितली होती. मग हळूहळू बाकीची सुतारकी सुटली. संजयला लाकडाचं वेड नव्हतं, तो दुधाच्या टँकरवर गेला. तुमच्या हाताखाली कुणी राहिलं नाही. सासूच्या हक्कानं आत्तींनी मला पॉलिश पेपर घासायला पाठवलं ते केवळ तुम्ही जेवायला वेळेवर यावं म्हणून. तुम्ही माझ्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतलात आणि रंधा दिलात. पेठेत बायका हसल्या. तुम्ही त्यांना म्हणालात की सून हाय, पाहुणी न्हाय. एवढं एक वाक्य तुम्ही माझ्या बाजूनं बोललात, आणि मला ते आयुष्यभर पुरलं.

फिंगरबोर्ड मात्र तुम्ही मला कधी करू दिला नाहीत. तो तुमचा. आणि तो शिसवाचाच. जुन्या घरांचे दरवाजे, मोडीत निघालेले पलंग, कुठं कुठं फिरून तुम्ही त्या फळ्या जमवल्या होत्या. नवं शिसव मिळणं अवघड झालं, तोडीचे परवाने, कागदपत्रं, सतरा भानगडी. तशी तुमच्या माळ्यावरच्या फळ्यांची किंमत तुमच्या मनात वाढतच गेली. वापरण्यापेक्षा तुम्ही त्या राखायलाच लागलात. आल्यागेल्याला दाखवायचात. "पावणं, हात लावून बघा की. लोखंड हाय लोखंड."

तेच लोखंड तुमच्या अंगावर उलटलं.

आधी मनगटं लाल झाली. मग पापण्या सुजायला लागल्या. तुम्ही गोडेतेल लावलंत आणि कुणाला बोलला नाहीत. मग छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. आत्तींनी विचारलं तर म्हणालात, गुऱ्हाळं सुरू झालीत, धुराचं असेल. मामा, आपल्या पेठेत गुऱ्हाळाचा धूर कुठून येणार होता? मलाही तेव्हा ते पटलं, याचंच आता नवल वाटतं. एका सकाळी तुम्हाला न्हाणीपासून खोलीपर्यंत चालवेना. संजयनं उचलून रिक्षात घातलं.

डॉक्टरांनी धंदा विचारला, लाकूड विचारलं, आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी सांगितलं ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. ठरावीक लाकडांच्या भुशाला शरीर एकदा वैरी मानायला लागलं की पुन्हा मैत्री होत नाही. थोडा भुसा गेला तरी तोच त्रास, दर वेळी जास्त. तुम्ही विचारलंत, "जलमभर ह्यातच हाय मी. आत्ताच कसं बाधतंय?" जन्मभर आहात म्हणूनच, असं ते म्हणाले.

त्या दिवसापासून तुम्ही कट्ट्यावर आणि मी आत. तोंडाला मास्क बांधून मी गिटारी करायला लागले. माझा पहिला फिंगरबोर्ड तुम्ही दुरूनच पाहिलात. मी तो ओल्या फडक्यानं पुसून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तुमच्यासमोर धरला होता. तुम्ही मान हलवलीत. चांगला म्हणालात की वाईट, ते मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

तुमची बसायची जागा मात्र मला सोसत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्ही हाक मारायचात, कधी नव्हे ते राजकारणावर बोलायचात, आणि मध्येच दाराकडं बघत राहायचात. आत्ती म्हणायच्या, मनुष्य वाळत चाललाय. मला वाटलं, शिसव नको असेल तर नको. जगात शिसवाशिवाय दुसरं कठीण लाकूड नाही का? फिंगरबोर्डाला काय लागतं? लाकूड कठीण पाहिजे, तारांनी आणि बोटांनी झिजता कामा नये. हवेनं वाकता कामा नये. बोटाला गुळगुळीत लागलं पाहिजे. एवढं करणारं, पण तुम्हाला न बाधणारं लाकूड मिळालं, तर तुम्ही पुन्हा आत येऊ शकाल. मी दुसरं लाकूड शोधायला लागले ते एवढ्यासाठीच. लोकांना वाटायचं काहीतरी नवीन फॅशन काढतेय.

मी वखारीत जायला लागले. तिथं परदेशी लाकडं येतात, बंगल्यांच्या जिन्यांसाठी. पहिल्यांदा आफ्रिकेचं पडौक आणलं. कुंकवासारखं लाल. डॉक्टरांना विचारूनच सगळं केलं. आधी नुसता घासून धुतलेला तुकडा तुमच्या मनगटावर बांधायचा आणि वाट बघायची. पडौकनं दुसऱ्या दिवशीच मनगट लाल झालं. लाकडाच्या रंगानं की अंगाच्या, यावर तुम्ही वाद घातलात. रंग धुतला तरी लाली राहिली तेव्हा तुकडा मला परत दिलात.

मग वेंगे आणलं. तेही आफ्रिकेचंच, काळ्या-चॉकलेटी रेघांचं. दिसायला शिसवाच्या जवळ जाणारं. मनगटानं ते सोसलं, आणि मला वाटलं, झालं. अंगणात मोकळ्या हवेत तुम्हाला एक कड घासायला दिली. तुम्ही रंधा हातात घेतलात तेव्हा आत्ती दारात उभ्या राहून बघत होत्या. दोन-चार हात मारलेत आणि शिंका सुरू झाल्या, त्या संध्याकाळपर्यंत थांबल्या नाहीत. वर माझ्या अंगठ्यात त्याचं कुसळ गेलं, ते पिकलं. वेंगे परत केलं.

चिंच मला आपोआपच सापडली. वखारीच्या मागं, भिंतीला टेकवून ठेवलेला ओंडका. पन्हाळ्याच्या रस्त्याच्या कामात कधीतरी पडलेलं झाड. गाभा काळपट जांभळा, आणि इतका कठीण की कुणी घ्यायला तयार नव्हतं, पटाशीची धार जाते म्हणून. शिवाय चिंच घरात आणू नये असंही लोक म्हणतात. वखारवाल्यानं जागा मोकळी होते म्हणून आनंदानं दिला. कितीतरी पावसाळे-उन्हाळे खाऊन तो कोरडा ठणठणीत झाला होता.

मनगट, काही नाही. अंगणात घासून बघितलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शिंक नाही, शिट्टी नाही. आत्तींनी देवापुढं साखर ठेवली. मी तेवढ्यावर थांबले नाही. एक फिंगरबोर्ड करून एका गिटारला बसवला आणि तुमच्या हातात दिला. तुम्ही तारेवर अंगठा मारलात, ऐकलंत, आणि गिटार माझ्याकडं परत दिलीत.

"बरी हाय. पर शिसव न्हाय."

मी म्हणाले, शिसव नाहीच, म्हणून तर केली. आता आत यायचं तर एकच अडचण होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की कारखान्यात शिसवाचा भुसा राहता कामा नये. भिंती, कौलं, वासे सगळं धुवून काढायला मी तयार होते. पण माळ्यावर फळ्या असताना धुवून उपयोग नव्हता. त्या घराबाहेर जायला हव्या होत्या.

तुम्ही नाही म्हणालात. मिरजेच्या एका वाद्यवाल्यानं मागितल्या होत्या, त्यालाही नाही. संजयच्या टँकरच्या शेडमध्ये नेऊन ठेवू म्हटलं, तर तिथं कुणी चोरेल, वाळवी लागेल. संजयनं आवाज चढवला, आत्ती रडल्या. मेहबूबचाचा मुद्दाम येऊन बसले आणि त्यांनीही सांगून बघितलं. तुम्ही एकच वाक्य धरून बसलात. "म्या असलो-नसलो, फळ्या ऱ्हात्यात."

मामा, तुमचा मला राग येतो तो याच वाक्याचा. फळ्या राहतात. पण तुम्ही राहायला हवे होतात, असं आमच्यातल्या कुणाला वाटत असेल, हे तुमच्या डोक्यातच आलं नाही का? औषध सापडलं होतं आणि तुम्ही ते घ्यायला तयार नव्हता. चांगली दोन वर्षं तुम्ही त्या कट्ट्यावर घालवलीत. आतमध्ये तुमचा बाक होता, तुमचे रंधे होते, तुम्हाला सोसणारं लाकूड होतं, आणि तुम्ही बाहेर बसून रिक्षा मोजत होता. मी कधी कधी मनात म्हणायचे, एक दिवस तुम्ही झोपलेले असताना टेम्पो बोलवावा आणि सगळं पाठवून द्यावं. तसं केलं नाही. माणसाची आयुष्यभराची हौस त्याच्या माघारी विकायला मन होईना. आज वाटतं, विकली असती तर तुम्ही वर्षभर बोलला नसता, पण आत बसला असता. तुम्हीच सांगा, काय बरं झालं असतं?

आणि मग मला खोकला झाला.

आठवतंय ना? दोन दिवस मी आत खोकत काम करत होते. नाक गळत होतं, डोळे लाल. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. उंबरा ओलांडायचा नाही हे विसरलात. माझ्याकडं नीट बघितलंत आणि विचारलंत, "कधीपास्नं?"

मी म्हणाले, असंच, परवापासून.

"मी पण असंच म्हणत हुतो," तुम्ही म्हणालात.

दुपारच्या आत टेम्पो दारात होता. मिरजेच्या त्या वाद्यवाल्याला तुम्ही स्वतः फोन केलात. भाव केला नाहीत, काय द्यायचं ते द्या म्हणालात. संजय आणि टेम्पोवाला एकेक फळी उतरवत होते आणि तुम्ही गल्लीच्या पलीकडं, समोरच्यांच्या पायरीवर, तोंडाला टॉवेल लावून उभे होतात. मी जवळ आले तर मला हातानं लांब केलंत. टेम्पो वळला तेव्हा तुम्ही टॉवेल सोडलात आणि मला दवाखान्यात जायला सांगितलंत.

मी गेले. डॉक्टरांनी छाती तपासली, घसा बघितला, आणि सर्दी आहे म्हणाले. साधी सर्दी. गावात साथ होती.

परत येऊन तुम्हाला सांगायची मला भीती वाटली. सांगितलं तेव्हा तुम्ही आधी माझ्याकडं बघितलंत, मग रिकाम्या गल्लीकडं, आणि इतके हसलात की आत्ती घाबरून बाहेर आल्या. कितीतरी दिवसांनी तुम्ही हसत होता आणि छातीतून शिट्टी येत नव्हती.

मी त्या दिवशी हसले. आता तेच आठवून रडू येतं. स्वतःच्या छातीसाठी तुम्ही दोन वर्षं एक फळी हलवली नाहीत, आणि माझ्या खोकल्यासाठी अर्ध्या दिवसात माळा रिकामा केलात. मग मला ती सर्दी दोन वर्षं आधी का झाली नाही?

कारखाना आम्ही घासून धुतला. आत्ती, मी, संजय, तिघंही. कौलं उतरवून धुतली, वासे ओल्या फडक्यांनी पुसले, तुमच्या हत्यारांचे दांडेसुद्धा बदलले. तुम्ही आत आलात त्या सकाळी कुणी काही समारंभ केला नाही. तुम्ही बाकावर बसलात, चिंचेची पट्टी ओढून घेतलीत, आणि तक्रार सुरू केलीत. रंध्याचं पातं खातंय. भुसा कडक हाय. रंग एकसारखा न्हाय. दिवसभर तक्रार. मी इतकी सुखात कधीच नव्हते, मामा. मला तेव्हाच सांगायला हवं होतं की तक्रार करत राहा. सांगितलं नाही, असं काही सांगायची आपल्या घरात रीतच नाही.

त्या पट्टीची गिटार मेहबूबचाचांसाठी होती. त्यांची जुनी तुमच्याच हातची, पण बोटं फिरून फिरून तिच्या पट्टीला खळगे पडले होते. फ्रेटच्या, म्हणजे तारांखालच्या आडव्या पितळी पट्ट्यांच्या, खाचा तुम्ही अर्ध्याअधिक पाडल्या होत्या. एका दुपारी जेवून आडवे झालात. आत्ती चहाला उठवायला गेल्या आणि तुम्ही उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. छाती स्वच्छ होती. हे त्यांनी आम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल, पण मला ते ऐकून जास्तच वाईट वाटलं. श्वास परत मिळाला होता आणि तो वापरायला दिवस मिळाले नाहीत. पुरता एक महिनाही नाही.

उरलेल्या खाचा मी पाडल्या. तुमच्या खाचा आणि माझ्या खाचा शेजारीशेजारी आहेत. तुमच्या सरळ आहेत. माझी एक किंचित तिरकी गेली, ती भरून पुन्हा पाडली. चाचा गिटार न्यायला आले तेव्हा मी त्यांना ते दाखवलं. त्यांनी तिथंच बसून वाजवली. मला वाटलं, रडतील, किंवा काहीतरी मोठं बोलतील. तुमचे दोस्तच ते. म्हणाले, "वरच्या सुराला जरा कोरडी हाय. वाजवून बघतो थोडं दिवस, मग सांगतो."

मागच्या आठवड्यात ते पुन्हा आले. मला वाटलं, परत द्यायला. पण नातीला घेऊन आले होते. तिच्या छोट्या हाताच्या मापाची गिटार हवी, याच लाकडाची, म्हणाले. मी विचारलं, मग कोरडी वाटत नाही का आता? तर म्हणाले, वाटते, पण आता दुसरी हातात धरवत नाही. दत्तू असता तर त्याच्याशी भांडलो असतो, असंही म्हणाले, आणि लगेच बाहेर जाऊन चपला घालायला लागले. नात आतच राहिली होती, तिला न्यायला परत यावं लागलं त्यांना.

तर संजयला द्यायचं उत्तर हे. तुम्ही नाही, म्हणून शिसव घ्यायला हरकत नाही, असं नाही. तुमच्या अंगानंही किती वर्षं काही तक्रार केली नव्हती. माझं अंग उद्या करणार नाही कशावरून? आणि माझ्या हाताखाली आता पेठेतलीच एक बाई येते, पॉलिशला. तिला दमा आहे. तिनं तो मला पहिल्याच दिवशी सांगितला. किती सोपं असतं सांगणं, मामा. तुम्ही का नाही सांगितलंत?

चिंचेचा ओंडका संपत आलाय. तशी जुनी, वाळलेली चिंच पुन्हा कुठं मिळेल, वखारवाल्यालाही माहीत नाही. नवी चिंच तोडून वाळवायला काळ जाणार. तोवर दुसरं काहीतरी बघावं लागेल. पुन्हा मनगटावर तुकडा बांधून वाट बघावी लागेल, या वेळी माझ्या आणि त्या बाईच्या.

त्याबद्दलच तुम्हाला शब्द देते. लाकूड कितीही देखणं असू दे, कितीही गोड वाजू दे, माझ्या अंगानं नको म्हटलं की मी त्याच दिवशी घरात सांगेन. गुऱ्हाळाच्या धुराचं नाव सांगणार नाही. आणि स्वतःला वाचवायला दुसऱ्या कुणाला सर्दी होण्याची वाट बघणार नाही.

तुमची,
वैशाली